नवस राहिला म्हणून देवी लेकराला शिक्षा करेल का?

आपल्यावर देवाचा कोप झालाय असं धरून बसलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात. बेळगावची असोत, निपाणीची असोत, दुखणं वेगळं पण विचारणं एकच: देव मायाळू म्हणता, मग एवढी शिक्षा कशी देतो? खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी हे सौंदत्तीच्या यल्लमाबद्दल विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह निघाला होता. पोर घटाघटा पाणी प्यायची, रात्री सारखी लघवीला उठायची, बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळली होती. शुद्ध हरपायच्या बेतात दवाखान्यात नेली तेव्हा कळलं. घरी सासूबाईंनी निकाल लावला: ही जन्मली तेव्हा डोंगरावर येऊन ओटी भरीन असा बोललेला नवस राहिला, त्याचा हा कोप. तो उतरेपर्यंत इन्सुलिनच्या सुया बंद ठेवायचं घरात घाटत होतं.

आधी ते थांबवलं. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यानं तो होत नाही, आईच्या हयगयीनंही नाही. इन्सुलिन बंद केलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेततं. डॉक्टरांकडून हे सासू आणि नवऱ्यासमोर पुन्हा वदवून घेतलं. देवाधर्माचं बोलणं त्यानंतर.

"माझंच चुकलं म्हटलं की जरा बरं वाटतंय मॅडम," बाई म्हणाल्या. "निदान फेडून टाकता येतंय."

मला वाटतं, कोपाच्या समजुतीचं मूळ इथं आहे. विनाकारण आलेलं दुखणं सोसवत नाही; स्वतःचा गुन्हा निघाला की त्यावर उतारा तरी असतो. पण हा आधार महाग पडतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५९६ आजारी वयस्कांचा दोन वर्षं मागोवा घेऊन २००१ मध्ये अभ्यास छापला. देवानं आपल्याला टाकलंय, त्याची आपल्यावर माया नाही, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. ती वयस्क माणसं, ही कोवळी पोर. पण घरात मनाला लागलेली टोचणी बाजूला ठेवून औषधपाणी नीट होत नाही, हे मी रोज बघते.

मी बाईंना यल्लमाचीच गोष्ट सांगायला लावली. त्यांनी रंगवून सांगितली. नदीवर रेणुकेचं मन क्षणभर विचलित झालं, जमदग्नी भडकले, बापाच्या शब्दाखातर परशुरामानं आईचं डोकं उडवलं आणि वर मागून तिलाच उठवलं. मग अंगावरचा रोग जोगुळभावीच्या कुंडातल्या पाण्यानं गेला ती कथा, देवी विधवा होते ती मार्गशीर्षातली रांडाव पुनव, पुन्हा सवाष्ण होते ती माघातली अहेव पुनव. बोलता बोलता थांबल्या. "म्हणजे तिच्यावरच झाला की ओ कोप!"

यावर मी भाष्य केलं नाही. एवढंच विचारलं, की नवस तुम्ही बोललात, राहिला तुमच्याकडून, मग सुया पोरीला का? शेजारच्या बाईनं एकीच्या चुकीसाठी दुसरीच्या लेकराला मारलं तर आपण तिला दुष्ट म्हणतो. जिला आई म्हणून हाक मारायची, तिच्याकडून याहून कमी अपेक्षा का ठेवायची? 'मागच्या जन्मीचं' हे उत्तरही घरात होतंच. त्याचा हिशेब कुणाला दाखवता येत नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर औषध कुणी थांबवू नये, एवढंच माझं म्हणणं.

नवस फेडायला माझी हरकत नव्हती. माघी पुनवेला सगळे डोंगरावर गेले. डॉक्टरांना विचारून तयारी केली: मुलीला उपास नाही, इन्सुलिन उन्हात ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरून घाम फुटला किंवा हातपाय थरथरले तर लगेच द्यायला खिशात साखर. घरी वीज गेली तर ओल्या मडक्यात औषध ठेवायची सोयही तेव्हाच करून घेतली.

सासूबाई अजून कोपच म्हणतात. सुया मात्र चुकू देत नाहीत. सध्या आमचं घोडं अडलंय शाळेत: दुपारची सुई कोण टोचणार? शिक्षक कचरतात, आणि आईला रोज मजुरी बुडवून जाता येत नाही.