पथ्यातला ‘च’

“मॅडम, आता जन्मात गोड खायचंच नाही का?” बेळगाव, खानापूर, निपाणी येथून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मधुमेही व्यक्तींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, एका काकूंची हकिगत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगावीशी वाटते.

काकू छप्पन्न वर्षांच्या. गोळ्या नियमित, भात बंद, साखर बंद, लग्नकार्याला गेल्या तरी अक्षता टाकून पंगतीआधीच घरी परत. तरीही गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी 8.9 टक्के आलेली. घरच्यांना कोडे पडले होते. तिसऱ्या भेटीत काकूंनीच ते उलगडले.

“पाहुण्यांनी कुंदा आणला होता. सगळ्यांसमोर मी डब्याला हात लावला नाही. रात्री सगळी निजल्यावर ओट्यापाशी उभी राहून, दिवा न लावता, अर्धा डबा संपवला. चवसुद्धा आठवत नाही बघा.”

“पहिला चमचा घेतल्यावर मनात काय आलं?”

“नियम मोडलाच आहे, आता काय राहिलं!”

मी त्यांना “गोड खायचंच नाही” हे वाक्य ‘च’ गाळून पुन्हा म्हणायला सांगितले. “गोड खायचं नाही,” त्या म्हणाल्या. थोड्या थांबल्या, आणि आपणहून म्हणाल्या, “रोज खायचं नाही.” मग बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, “मग कधी, आणि किती?”

या प्रश्नाची मी तीन भेटी वाट पाहत होते. तो मी त्यांना आयता दिला असता, तर तो आणखी एक नियम झाला असता आणि तोही एखाद्या रात्री ओट्यापाशी मोडला असता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे ती यासाठीच, कारण माणसाच्या इच्छेचा हट्ट कसा होतो हे ती नेमके दाखवते. स्वतः एलिस चाळिशीपासून मधुमेह सांभाळत 93 वर्षांपर्यंत जगले, हे मी काकूंना आवर्जून सांगितले.

‘किती’चे उत्तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरले. गोड रिकाम्या पोटी नाही, तर भाजी-आमटीच्या जेवणासोबत आणि मोजून खायचे. त्या दिवशी भाकरी किंवा भात तेवढा कमी करायचा. जेवणानंतर चालायचे आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहायची, जी त्यांच्या डॉक्टरांच्या मते 180 च्या आत हवी होती. ज्वारीची भाकरी कितीही चालते आणि गुळाचे करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) अपाय करत नाही, हे आपल्याकडचे दोन्ही समज चुकीचे आहेत, कारण साखर दोन्हींनी वाढते. गोड खाल्ले म्हणून पुढचे जेवण टाळणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. घरच्यांनाही मी एक विनंती केली: काकूंच्या ताटावर पहारा ठेवू नका, चोरून खाण्याची सवय पहाऱ्यामुळेच वाढते.

पुढच्या भेटीला काकू पुतण्याच्या लग्नाहून आल्या. पंगतीत शेवटपर्यंत बसल्या होत्या. मांड्याचा चतकोर तुकडा दुधाबरोबर सावकाश खाल्ला आणि उरलेला जावेच्या ताटात वाढला. दोन तासांनी साखर 168 होती. आकडा त्यांनी वहीत लिहून आणला होता, पण माझ्यासमोर वही उघडण्याआधी त्या म्हणाल्या, “मांडा अगदी पापुद्र्यासारखा झाला होता हो, मॅडम. तोंडात ठेवताच विरघळला.”