खेळाच्या तासाची पोटदुखी

‘मॅडम, अभ्यासाला कधी नाही म्हणत नाही, पण खेळाचा तास असला की याचं पोट दुखतं.’ हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकले आहे की समोरच्या बाईंनी ‘खेळाचा’ म्हणताच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. मुले बहुधा पहिली ते पाचवीतली असतात, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलेली असतात आणि तपासणीत काही निघालेले नसते. अशाच एका चौथीतल्या मुलाची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे पोटदुखीचे वार होते. शाळेला चिठ्ठी देऊन खेळातून सूट घ्यावी, असे वडिलांचे मत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रिकेटच्या शिबिरात घालून भीती मोडावी, असे आईचे. निदान मात्र दोघांचे एकच होते, की त्याला आउट होण्याची भीती वाटते. पहिल्या दोन भेटींत मीही तेच धरून चालले आणि हरल्याने काही बिघडत नाही हे त्याला नाना परींनी समजावत राहिले. तो शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि शुक्रवारी पोट दुखायचेच.

तिसऱ्या भेटीत समजावणे थांबवून मी बटणांचा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटले, ‘तुमच्या वर्गात गडी कसे वाटतात, ते मला मांडून दाखव.’ त्याने दोन मोठी बटणे कप्तान म्हणून समोरासमोर ठेवली, बाकीची एकेक करून दोन्हीकडे सरकवली, आणि कडेचा टवका उडालेले एक पांढरे बटण शेवटपर्यंत मध्येच राहिले.

‘हा कोण?’

‘मी.’

‘मग याचं काय होतं?’

‘सर म्हणतात, यालाही घ्या रे. मग मी कुणाकडेही.’

‘आणि लंगडी सुरू झाली की आउट व्हायची भीती वाटते?’

त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. ‘मला आउट करतच नाहीत. मी कच्चा लिंबू आहे ना.’

लंगडी घालणारा मुलगा त्याच्या इतक्या जवळून जायचा की हात लांबवला असता तर लागला असता, आणि तरी तो दुसऱ्याच्या मागे लागायचा. हे सांगताना त्याने एक बटण त्या पांढऱ्या बटणाला घासून पुढे नेले, दोनदा नेले, आणि मला जे कळायचे ते तेथे कळले. त्याला आउट होण्याची भीती नव्हती. आपल्याला कोणी आउट करण्याच्याही लायक समजत नाही, हे त्याचे दुःख होते. आम्ही तिघे मोठे मात्र त्याला हरण्याचे धडे देत होतो.

कच्चा लिंबू ही अंगणातल्या खेळांतली जुनी, मायाळू सवलत आहे. धाकट्या भावंडाला खेळात तर घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. चार वर्षांच्या पोराला तो मान वाटतो. नऊ वर्षांच्या मुलाला तीच सवलत सांगते की तू असलास काय आणि नसलास काय, खेळाला फरक पडत नाही. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या वाटेने काम करणारी आहे. त्यांना स्वतःला लहानपणी मुडदूस होता, आणि आपण पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत बाकावर बसलो आहोत व थोरला भाऊ सहज हुंदडतो आहे, ही त्यांची अगदी सुरुवातीची आठवण होती. मुलाला जिंकण्याच्या आधी आपली गणती होणे हवे असते, हे त्यांच्याकडून घेतलेले सूत्र या पांढऱ्या बटणात मला दिसले, याचे समाधान मी लपवत नाही.

पुढचे काम साधे होते. आईने रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याच्याशी लंगडी खेळायची, पण मुद्दाम सोडायचे नाही, खरोखर पकडायचे. त्याने किती पावले लंगडी घातली ते मोजायचे आणि तुलना फक्त त्याच्या कालच्या आकड्याशी करायची. क्रिकेटचे शिबिर तूर्त नको म्हटले, कारण जेथे त्याची जागा नाही असे आणखी एक मैदान त्यात वाढले असते.

शाळेतले सर भले निघाले. पन्नास मुले, पस्तीस मिनिटे आणि दोन चेंडू एवढ्यावर त्यांना भागवायचे असते, हे पालकांनी विसरू नये. मी एवढेच सुचवले, की कप्तानांना गडी निवडू देण्याऐवजी ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणवून संघ पाडावेत, आणि बाद झाला की बाहेर बसायचे असे खेळ कमी करावेत, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच त्यात सर्वाधिक वेळ बसून राहतो. मस्ती केली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे आणि गृहपाठ राहिला म्हणून खेळाचा तास काढून घेणे, या दोन्ही शिक्षांबद्दल मी सगळ्याच शाळांशी भांडते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. जी गोष्ट रोज हवी, तीच शिक्षा म्हणून वापरली तर मूल तिच्यापासून पळणारच.

मात्र प्रत्येक पोटदुखी कच्च्या लिंबाची नसते. धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे, लवकर धाप लागणे असे असेल तर आधी डॉक्टर. मूल सारखे अडखळत असेल, बटणे आणि नाडी त्याला वयाच्या मानाने फार उशिरापर्यंत जमत नसेल, तर हालचालींचा मेळ बसण्यातच अडचण असू शकते. अशा मुलाला ‘धांदरट’ म्हणून सोडून न देता व्यवसायोपचार तज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्टना) दाखवावे.

दीड महिन्याने एका शुक्रवारी तो गुडघा खरचटून आला आणि दारातूनच म्हणाला, ‘काकू, आज मला पहिल्यांदा आउट केलं!’ मागे उभ्या आईला हसावे की गुडघा पाहावा ते कळेना. दोरीच्या मल्लखांबाच्या दिवशी अजून पोट दुखते. त्यावर आमचे काम चालू आहे.