दीड महिना हाताशी आहे

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

बायकोला आठवा लागला आणि लेक रात्री दोनदा उठून आई जागेवर आहे ना ते चाचपून बघते, असं लिहिलंस. ती हट्टी झालेली नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला घरात काहीतरी बदलतंय एवढं कळतं. काय, ते कळत नाही. मुळात घाबरट असलेल्या मुलांना हे न कळणंच जास्त छळतं. ‘आमचं प्रेम तेवढंच राहील’ असं कितीही सांगितलंस तरी तिचे प्रश्न वेगळेच आहेत. माझी वेणी कोण घालणार? रात्री पाणी कोण देणार? आई दवाखान्यातून कधी येणार?

झोपवायचं काम तू घे, पण एकदम नको. पहिला आठवडा आई शेजारी बसेल, गोष्ट तू सांगायची. दुसऱ्या आठवड्यात आई दाराशी. तिसऱ्यात ती पापा घेऊन बाहेर जाईल. लेक रडेल, पण ते रडणं आत्ताच होऊन जाऊ दे. नाहीतर आई घरात नसण्याची आणि बाबाजवळ झोपायची पहिली रात्र एकच येते, आणि दोन्हींचा राग बाळावर निघतो. शाळा बदलणं, पलंग वेगळा करणं वगैरे बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत काढूच नकोस.

बाळंतपण नॉर्मल झालं तर आई साधारण २ दिवस दवाखान्यात राहील, सिझेरियन झालं तर ४-५. तिला कमी आकडा कबूल करू नकोस. कागदावर पाच चंद्र काढ, रोज सकाळी तिने एकावर काट मारायची. आई लवकर आली तर उरलेले चंद्र दोघं मिळून रंगवा. पण तीन सांगून पाच रात्री झाल्या, तर पुढे तुझ्या शब्दावर तिचा भरवसा राहणार नाही. टाके पडले तर आई काही आठवडे उचलून घेणार नाही, शेजारी बसवून जवळ घेईल, हेही आधीच सांग. न उचलण्याचं कारण टाके आहेत, बाळ नव्हे, हे तिला नीट कळू दे.

ती पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असावं आणि आईचे हात मोकळे. ‘पापा घे ना बाळाचा’ म्हणून मागे लागू नका.

बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांना आधीच फोन करून सांग, की घरात शिरल्यावर पहिली हाक लेकीला मारायची. ‘आता तुझे लाड संपले हं!’ हे वाक्य मोठी माणसं गमतीत म्हणतात, ती ते खरं धरते. कोणी म्हणालंच तर तिच्यासमोर तिथल्या तिथे खोडून काढ. इथे भीड धरू नकोस.

नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे तेवढ्या वेळा आई अडकलेली. त्या वेळेपुरता एक डबा ठेवा: खडू, दोन पुस्तकं, थोडा खाऊ. एरवी तो वर. ‘बाळ झोपलंय, गप्प बस’ हे दिवसातून दहादा ऐकलं की तिच्या लेखी सगळ्या नकारांचा धनी बाळच होतो. ‘माझे हात अडकलेत, हे झालं की तुझं’ असं म्हणा. आणि रोज एकदा तरी, तिला ऐकू जाईल असं, बाळाला सांगा: ‘थांब हं, ताईचं बटण लावतोय.’ बाळाला काही कळणार नाही, पण तिला कळेल की थांबावं दोघांनाही लागतं.

ती अंथरुणात सू करेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल. लाजवू नका, बाटली द्या, चार दिवसांत कंटाळेल. चिमटा काढला तर हात धरून ‘बाळाला लागतं, मी काढू देणार नाही’ इतकंच म्हण आणि तिला जवळ घे. दोघांना एकटं मात्र मिनिटभरही सोडायचं नाही. लाडाची मिठीसुद्धा बाळाच्या मानेला जड पडते.

रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त तिची. तिने त्या दिवशी कितीही त्रास दिला असला तरी ती कापायची नाहीत.

दोन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, शी दाबून धरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. आणि बाळ रांगायला लागून तिची खेळणी ओढू लागलं की हे सगळं पुन्हा एकदा उफाळेल, तेव्हा दचकू नकोस. तिच्या खेळण्यांसाठी बाळाचा हात पोचणार नाही असा एक कप्पा तेवढा करून दे.

आज रात्रीची गोष्ट तू सांग.