व्यावसायिक कॅमेऱ्यात अंगचा, म्हणजे कॅमेऱ्यातच बसवलेला, फ्लॅश असावा का?

असावा, अगदी ठामपणे सांगतो. गुढीपाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराजवळ शोभायात्रेचे फोटो काढताना ऊन चढतं आणि फेट्याची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. तिथे निकॉन डी७५० कॅमेऱ्याचा अंगचा छोटा फ्लॅश पुरतो. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद) साधारण १२, म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/५.६ असताना प्रकाश दोनेक मीटर पोचतो. डोळे लगेच उजळतात. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र चेहरे पांढरेफटक येतात, तिथे वेगळा फ्लॅशच हवा. पण लांब ठेवलेले असे फ्लॅश वायरशिवाय चालवायलाही हा अंगचा फ्लॅशच उपयोगी, हे बरेच जण विसरतात. निकॉनच्याच २०१७च्या डी८५०मध्ये तो नाही. उघडणारा भाग नसला की धूळ-पाणी आत शिरायला वाव कमी, हे मान्य. तरी ढोल-ताशाच्या गर्दीत बॅगेतून फ्लॅश काढून लावेपर्यंत तो चेहरा पुढे गेलेला असतो.