गोधड्यांना नावं कशी द्यावीत?

ताई, तुम्ही विचारलंय की बचत गटाने लातूरच्या प्रदर्शनासाठी 14 गोधड्या शिवल्यात, सगळ्यांवर 'मायेची ऊब' लिहून पुढे 1 ते 14 आकडे टाकलेत (यादीही तुम्ही पाठवलीय), आणि गिऱ्हाईक फोनवर "ती पिवळी पाठवा" म्हणतं तेव्हा तुमच्याकडे पिवळ्या तीन निघतात. प्रत्येकीला वेगळं नाव कुठून आणायचं?

'मायेची ऊब', 'आजीची आठवण', 'वारसा' ही नावं आधी बाजूला ठेवा. ती कोणत्याही गोधडीला चालतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. नाव ऐकल्यावर समोरच्याला चौदांतली एकच गोधडी बोटाने दाखवता यायला हवी. तपासायचं कसं, तर चौदाही गोधड्या अंगणात पसरा, ज्याने त्या आधी पाहिल्या नाहीत अशा शेजारच्या पोराला बोलवा आणि नाव घ्या. पोर दुसरीकडेच बोट दाखवत असेल तर ते नाव सोडून द्या.

नाव शोधायला गोधडी उन्हात पसरून सहा-सात फुटांवर उभं राहा. मांडीवर घेऊन बघितलं तर टाके दिसतात, मांडणी दिसत नाही. दोघीतिघींनी एकमेकींना न विचारता कागदावर लिहायचं: कापड कोणतं, रंग कोणता, तुकडे कसे जोडलेत, दोरा कसा फिरलाय. प्रत्येकीने तीन-तीन नावं काढावीत. दोघींच्या कागदावर एकच शब्द आला तर फार विचार करू नका, तोच घ्या.

रंगासाठी 'पिवळा', 'लाल' यावर थांबू नका. साडीच्या दुकानात बसून आपण सगळ्याजणी बोलतो ते शब्द आहेतच: हळदी, चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, अबोली, कोनफळी, श्रीखंडी. तुमच्या तीन पिवळ्या अशाच सुटतील. केशराकडे झुकणारी 'करडई', कारण करडईचं फूल पिवळं उमलतं आणि सुकताना नारिंगी होतं. फिक्की ती 'श्रीखंडी', आणि तिसरीत हिरवे काठ असतील तर 'तुरी' असा काही शेतातला शब्द. जवसाचं फूल निळं असतं हे शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं, पण फिक्क्या निळीला 'जवस' म्हटलं की तो विचारतोच, आणि विचारलं की बोलणं सुरू होतं. काळी, लाल काठाची असेल तर 'चंद्रकळा' म्हणायलाच हवं, आणि ती संक्रांतीच्या आधी विकायला काढा.

मला स्वतःला रंगापेक्षा जोडणीतून निघालेली नावं जास्त आवडतात, कारण रंग धुण्यात उतरतो, जोडणी राहते. मधे लहान चौकोन, त्याभोवती पट्ट्या, त्याभोवती आणखी पट्ट्या, असं आत आत उतरत जाणारं काम असेल तर त्याला 'बारव' म्हणा. आपल्याकडे अशा पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे बारवा, कमी नाहीत. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची बारव बघितलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तिरके चौकोन असतील तर 'शंकरपाळी', अर्धगोल असतील तर 'करंजी'. दोऱ्याच्या ओळी तीन-तीनच्या जोडीने घातल्या असतील तर 'तिफण', म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत, हे नाव चपखल बसतं. ओळी सरळ, एकसारख्या असतील तर 'काकरी' (औताने शेतात पडणारी ओळ) हेही सुचेल, पण फोनवर ते 'काकडी' ऐकू येतं. वीस प्रकारच्या चिंध्यांची सरमिसळ असेल तर लातूर-धाराशिवकडे 'भज्जी' म्हणा, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात ती मिसळीची भाजी जेवलेला माणूस लगेच हसेल. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र ती कांदाभजी वाटेल, तेव्हा माल कुठे जाणार ते बघून ठरवा.

नक्षत्रांची नावं हा चांगला साठा आहे, आणि जोडीने विकायच्या गोधड्यांना त्यातून फार छान नावं मिळतात. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात ना? नव्या कापडाची 'तरणा', जुन्या लुगड्यांची 'म्हातारा', अशी जोडी लावा. फक्त बाळाच्या दुपट्याला 'मूळ' किंवा 'आश्लेषा' देऊ नका. त्या नक्षत्रांवर जन्म झाला की शांत करतात, आणि बाळंतविड्यात असलं नाव दिसलं की कोणती तरी आजी ते दुपटं परत पाठवणार. देवांची आणि संतांची नावंही टाळा. गोधडी अंथरतातही, आणि जिच्यावर पाय पडणार तिला भवानी किंवा जनाई म्हणणं तुळजापूर-गंगाखेडच्या माणसाला रुचत नाही.

आता व्याकरण, ज्याकडे कोणीच बघत नाही. गोधडी स्त्रीलिंगी, म्हणून नावही स्त्रीलिंगी असलं तर तोंडात बसतं. "करडई निघाली का?" हे गोधडीबद्दल वाटतं, "हुरडा निघाला का?" म्हटलं की भूक लागते. दुसरं म्हणजे विभक्ती. 'चंद्रकळा'ची 'चंद्रकळेची' होते, 'बारव'ची 'बारवेची', 'सिंदफणा' हे नदीचं नाव दिलं तर त्याची 'सिंदफणेची'. गिऱ्हाईक मोबाइलवर "चंद्रकळेची किंमत काय" असं लिहितं आणि तुम्ही जुन्या निरोपांत 'चंद्रकळा' शोधता तेव्हा ते सापडत नाही. ईकारान्त स्त्रीलिंगी नावाला हा त्रास नाही: श्रीखंडीची, सावलीला, शंकरपाळीवर. 'करडई'ही तशीच. म्हणून दोन नावं सारखीच आवडली तर ई-वाल्याला झुकतं माप द्या. 'ळ' आणि 'ण' असलेली नावं रोमन अक्षरांत लिहिली की 'ल' आणि 'न' होतात. त्यांचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून वहीत टाकून ठेवा.

कापडाचं नाव देताना खरं तेच द्या. 'कापूसबोंड' किंवा 'सरकी' म्हणायचं तर आधी काठातून दोन दोरे ओढून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. जुन्या साडीला नंतर फॉल लावलेला असेल तर तो पॉलिस्टरचा निघू शकतो, म्हणून दोरा फॉलचा नको, अंगाचा काढा. 'पैठणी' शब्दाला तर जपूनच हात लावा. पैठणीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, म्हणजे ते नाव कोणत्याही कापडाला लावता येत नाही. हातमागावरच्या पैठणीचा काठपदर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. मागे लोंबते दोरे दिसले तर ते यंत्रमागाचं कापड समजा आणि पाटीवर 'पैठणी' लिहू नका. इरकल आणि खणाचंही तसंच, कापड ते असेल तरच तो शब्द.

नाव ठरलं की ते कापडी पट्टीवर भरून गोधडीच्या मागे लावा. कागदी चिठ्ठी पहिल्या धुण्यात जाते. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापा. कोरं कापलं तर नंतर आटतं आणि पट्टीला चुण्या पडतात. पट्टी 2 × 5 इंच कापा आणि चारी बाजूंनी पाव इंच दुमडा. अक्षराचं अंग अर्धा इंच ठेवा, वर मात्रा-वेलांटीला पाव इंच आणि खाली उकाराला पाव इंच सोडा. एवढ्यात पाच-सहा अक्षरं मावतात. त्याहून मोठं नाव असेल तर पट्टी वाढवण्यापेक्षा नाव कापा. सहा पदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या आणि उलटी टीप घाला. तीन पदर घेतले की वेलांटीचं पोट बुजतं. जोडाक्षरं भरताना सगळ्यात जास्त बिघडतात, म्हणून 'पुष्य' बोलायला छान असलं तरी भरायला वैताग आहे.

एक चूक हमखास होते. घाईत आधी डावीकडून उजवीकडे सरळ शिरोरेषा मारून घेतात आणि मग खाली अक्षरं लटकवतात. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, हे तेव्हा लक्षात राहत नाही. ती सलग गेली की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. 'भरणी' नावाची गोधडी 'मरणी' होऊन बाहेर पडते, आणि पांघरुणावर ते नाव कोणालाच नको. म्हणून आधी खडूने अक्षरं काढा, अक्षर भरा, शिरोरेषा शेवटी आणि अक्षर-अक्षर तोडून.

पट्टी गोधडी पूर्ण शिवून झाल्यावरच लावा. आधी लावली तर धावदोऱ्याच्या ओळी नावावरून जातात. मागच्या बाजूला, उजव्या खालच्या कोपऱ्यात, काठापासून दोन इंच आत ठेवून तुरपाई करा. सुई फक्त अस्तरातून जाऊ द्या, वर आली की दर्शनी बाजूला ठिपके दिसतात.

आकडे फेकून देऊ नका, ते वहीत राहू द्या. नाव गिऱ्हाइकासाठी, आकडा तुमच्यासाठी. वहीत नाव, आकडा, लांबी-रुंदी, थर किती, कापड कोणतं, वजन, कोणी शिवली आणि कधी संपली, एवढं हवं. पाटीवर नाव मोठं आणि खाली एकच ओळ, 'सुती गोधडी, 60 × 90 इंच, तीन थर, जुनं लुगडं आणि मांजरपाट' अशी. विकलेल्या गोधडीचं नाव पुन्हा दुसरीला देऊ नका. तसाच नमुना परत केला तर 'बारव दुसरी' म्हणा.

नाव नोंदवायचं असेल तर गटाचं नोंदवा, एकेका गोधडीचं नको. ट्रेडमार्कसाठी कापड आणि पलंगपोस 24 व्या वर्गात येतात. लहान उद्योगाला किंवा एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंद 10 वर्षं चालते. 'सुती गोधडी' किंवा 'मराठवाडा गोधडी' असं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

गिऱ्हाइकाने आईच्या साड्या आणून दिल्या असतील तर नाव तुम्ही ठरवू नका. घरात त्या साडीला काय म्हणत, ते विचारा. "दवाखान्याची साडी", "बाजाराची हिरवी" असं काहीतरी हमखास निघतं, आणि तेच भरायचं. आईचं नाव हवंच असेल तर मागच्या पट्टीवर भरा, पुढच्या बाजूला नको.

तुमच्या यादीतली 8 नंबरची, जिला कोणीतरी पेन्सिलने 'पैठणी' लिहून ठेवलंय, तिचा पदर आधी उलटा करून बघा, मग पुढचं.