संगणकावर नवा पदार्थ तयार होतो, म्हणजे नक्की काय होते?

सिम्युलेशन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून नवे पदार्थ खरोखरच तयार करता येतात का आणि तसे असेल तर प्रयोगशाळेला काही काम उरेल का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे हीच गणिते करत आले आहे, म्हणून आधी एक गैरसमज दूर करते. संगणकावर पदार्थ तयार होत नाही; असंख्य शक्यतांपैकी कोणता पदार्थ भट्टीत घालून पाहण्याच्या लायकीचा आहे, एवढेच तिथे ठरते.

या गणितांचा पाया म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आमच्या रोजच्या बोलण्यातली डीएफटी. ती १९६४-६५ मध्ये मांडली गेली आणि तिच्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब न ठेवता सगळ्यांची मिळून होणारी घनता धरली, तरी स्फटिकाची किमान ऊर्जा काढता येते, हे तिचे सार. ही ऊर्जा त्याच मूलद्रव्यांपासून होणाऱ्या इतर संयुगांच्या ऊर्जेशी ताडून पाहिली, की पदार्थ टिकेल की त्याचे विघटन होईल, याचा अंदाज येतो. अडचण वेळेची आहे. नेहमीच्या पद्धतीत अणू दुप्पट केले की गणिताला साधारण आठपट वेळ लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग इथे होतो. डीएफटीने काढलेल्या ऊर्जांवर न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, शिकवले, की तेच उत्तर ते कितीतरी कमी वेळात देते. बेलर आणि पारिनेलो या शास्त्रज्ञांनी हे २००७ मध्ये दाखवले. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने याच मार्गाने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या आणि त्यांपैकी सुमारे ३,८०,००० सर्वाधिक स्थिर असल्याचे सांगितले. आकडा मोठा आहे, पण त्यातला ‘स्थिर’ हा शब्द डीएफटीचा आहे, भट्टीचा नव्हे.

डीएफटीचा शब्द किती प्रमाण मानायचा, हे मी सुरुवातीलाच एका फजितीतून शिकले. निकेल ऑक्साइडचे गणित लावताना निकेलच्या अणूंना चुंबकत्व असते, ही नोंद द्यायची मी विसरले. गणित कोणतीही तक्रार न करता पूर्ण झाले आणि उत्तर आले की हा पदार्थ धातूसारखा वीजवाहक आहे. प्रत्यक्षात ती हिरवट भुकटी चांगली विद्युतरोधक असते आणि तिचा बँड गॅप, म्हणजे वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. चुंबकत्व नीट घातल्यावर गॅप दिसू लागला, पण साध्या डीएफटीत तो फारच कमी येतो. त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते. अशा आकड्यांवर शिकलेले नेटवर्क त्यांतली चूकही तितक्याच इमानाने शिकते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण अणूंच्या जागांची. मायक्रोसॉफ्टच्या मॅटरजेन या नवे पदार्थ सुचवणाऱ्या प्रणालीकडे, दाबून आकसायला पदार्थ किती विरोध करतो हे मोजणारा बल्क मॉड्युलस २०० गिगापास्कल असलेला पदार्थ मागितला गेला. तिने टँटलम, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग सुचवले. ते बनवून मोजल्यावर १६९ आले. माझ्या मते हे यश कौतुकास्पद आहे, पण तयार नमुन्यात टँटलम आणि क्रोमियम ठरवून दिलेल्या जागी न बसता एकमेकांच्या जागी मिसळून बसले होते. अमेरिकेतल्या बर्कलीच्या ए-लॅब या स्वयंचलित प्रयोगशाळेने २०२३ मध्ये १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचे जाहीर केले, तेव्हाही इतर रसायनतज्ज्ञांनी हाच आक्षेप घेतला: यातले बरेच पदार्थ नवे नसून, अणूंची अशी सरमिसळ झालेली जुनीच संयुगे असावीत.

प्रयोगशाळेबद्दल म्हणाल तर तिचे काम वाढलेच आहे. मी दहा नावांची यादी नेऊन दिली, की भट्टीपाशी काम करणारे सहकारी पहिल्यांदा विचारतात की सुरुवात कोणत्या क्षारांपासून करायची, तापमान किती ठेवायचे आणि थंड हळू करायचे की झटकन. माझ्या तक्त्यात ऊर्जा, घनता, बँड गॅप असे सगळे रकाने असतात. या तीन प्रश्नांसाठी मात्र रकाना नसतो.