तात्पुरते आईपण

प्रश्न : बालकल्याण समितीने दीड वर्षापूर्वी प्रतिपालक आई म्हणून माझ्याकडे सोपवलेली सात वर्षांची मुलगी आता आजीकडे परत जाणार आहे. आल्यापासून ती एकाच सोलापुरी चादरीत तोंड खुपसून झोपते, शेंगाचटणी दह्यात कालवूनच खाते. ‘ती तुमची नव्हतीच,’ असे शेजारणी समजावतात, तरी मला झोप येत नाही. माझे काही चुकते आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकलेले नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील प्रतिपालकत्वाची ही व्यवस्था मुळात तात्पुरती असली, तरी मूल कायद्याचे कलम वाचून कुशीत शिरत नाही, आणि हातचे राखून माया करणारी बाई त्याच्या काय कामाची? (शेजारणींना हे कळण्याची वाट पाहू नका.) २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकाचा मार्ग खुला होऊ शकतो, पण त्यासाठी मूल कायदेशीररीत्या दत्तक देण्यासाठी मोकळे असावे लागते, इथे आजी हात पसरून उभी आहे, तेव्हा त्या आशेत जीव अडकवू नये, असे मला वाटते. जाण्याचा दिवस मुलीला आधीच सांगा आणि तिच्यासमोर डोळे भरून आले तर येऊ द्या. पुढील भेटीगाठींविषयी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. ती चादर मात्र न धुताच बरोबर द्या, आणि दह्याचे आजीच्या कानावर घाला.